बाबांना सगळं माफ

सासऱ्यांनी डावा हात पुढे केला, तळवा वर करून. आजारपणापासून उजवा हात जिथे ठेवाल तिथे पडून असायचा, त्यामुळे मागायचं, नाकारायचं, टेबल बडवायचं, सगळं डाव्यानेच. शेवटच्या डावाची पानं अजून टेबलावर पसरलेली होती. जिंकले होते ते. गेल्या रविवारी जिंकले होते, त्याच्या मागच्या रविवारीही.

"वा बाबा, वा!" थोरल्या मुलाने त्या हातावर टाळी दिली.

हात मागे गेला नाही. त्याची मूठ झाली, आणि ती मूठ कुलपात किल्ली फिरवावी तशी हवेत फिरली.

"किल्ली मागतायत, दादा," धाकटा म्हणाला.

"कळलं मला." थोरला पानं गोळा करायला लागला. "अहो बाबा, हे काय खरं जिंकणं? टाकलेलं पान परत घेतलंत, माफ. कुठलं पान पडलं, कुठलं राहिलं ते आम्ही सांगायचं, माफ. हातात रंग असून भलतंच पान टाकलंत, तेही माफ. एवढं सगळं माफ असल्यावर आमची ठकीसुद्धा जिंकेल!"

आणि तो हसला. ठकी म्हणजे त्याची दात येऊ घातलेली मुलगी. ती आईच्या मांडीवर बसून चौकटची दुर्री चघळत होती. बाप हसला म्हणून तिनेही हसून घेतलं.

ठकीची आई हसली नाही. तिच्या कानशिलांपर्यंत गरम काहीतरी चढलं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांची मूठ हळूहळू सुटली, हात टेबलावरून मागे सरकला आणि दुसऱ्या, निकामी हातावर जाऊन बसला. जणू त्याला धीर देत होता.

"गाढव," सासरे म्हणाले. अगदी स्वच्छ म्हणाले.

आजारपणाने त्यांची वाचा नेली होती, पण शिव्या तेवढ्या न्यायला ते विसरलं होतं. "पाणी" म्हणायला त्यांना घाम फुटायचा. "गाढव", "नालायक", "मूर्खांचा बाजार" मात्र पूर्वीइतकेच ठणठणीत बाहेर पडायचे. थोरला पुन्हा हसला. "बघा, बोलायला लागले!" म्हणाला, आणि धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

तिला त्या टाळ्या ओळखू आल्या. सकाळी ठकीने वाटी दोन्ही हातांनी धरली तेव्हा याच टाळ्या वाजल्या होत्या.

*

दुकान म्हणजे पुस्तकं बांधायचं दुकान. शाळांच्या वाचनालयांतली खिळखिळी झालेली पुस्तकं, वकिलांचे जाडजूड खंड, कुणाच्या आजोबांच्या हातच्या कवितांची वही, जे येईल ते. फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या, सोडवायचे, पुन्हा शिवायचे, पाठीला कापड लावायचं, पुठ्ठा चढवायचा, दाबाखाली ठेवायचं आणि सगळ्यात शेवटी कडा कापायच्या. कापायचं यंत्र दुकानाच्या मागच्या भिंतीशी होतं. हाताने ओढायचा लांब दांडा आणि त्याखाली हातभर लांबीचं पातं. लग्न होऊन आली तेव्हा तिने सासऱ्यांकडूनच शिवण शिकून घेतली होती. तिच्या शिवणीला ते "बरी आहे" म्हणत. धाकट्याच्या शिवणीला ते जे म्हणत ते लिहिण्यासारखं नाही.

ठकी झाली आणि तिचं दुकान सुटलं. मग सासरे पडले आणि दुकानच बंद झालं. किल्ली थोरल्याच्या जुडग्यात गेली, स्कूटरच्या किल्लीशेजारी.

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले, डोकं कामाला लावा, त्यांना आवडेल असं काहीतरी. आवडायचे पत्ते. सासूबाई होत्या तोवर या घरात रविवारी दुपारी हटकून डाव पडायचा: सासू-सासरे एका बाजूला, दोन्ही मुलगे दुसऱ्या. बोली लावायची, किती हात करणार ते सांगायचं, ज्याला चढवायची नाही त्याने "पास" म्हणायचं, आणि ज्याची बोली चढी त्याने हुकूम सांगायचा. आणि सासऱ्यांचा घरचा नियम असा की हातात चालू रंगाचं पान असून जो दुसऱ्या रंगाचं टाकेल त्याला तीन हातांचा दंड. इतर घरांत एक हात जातो. यांच्याकडे तीन. लहानपणी थोरला या दंडापायी डाव हरून रडत जेवला होता, आणि वडील म्हणाले होते, "टेबलावर मी तुझा बाप नाही. जेवायला बसल्यावर आहे."

हे सगळं तिला धाकट्याने सांगितलं होतं. पत्ते खेळायला तिला सासूबाईंच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा.

पण डाव मांडायचा कसा? सासऱ्यांना एका हाताने तेरा पानं धरता येईनात. धरली तर खेळायची कशाने? मग तिने दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे तुकडे घेतले, ठकी झोपली की तेवढ्या वेळात कापले, खळ लावून जोडले आणि लांब खाचेची एक घडवंची केली. पानं खाचेत उभी राहत. डावा हात मोकळा. बोली तोंडाने सांगता येईना, तर टेबलावर टकटक करायची; सात हात म्हणजे सात टकटक. हुकमासाठी तिने पुठ्ठ्याच्या चार चकत्या केल्या. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. जो हुकूम असेल ती चकती पुढे सरकवायची.

सासऱ्यांनी घडवंची हातात घेऊन उलटी-सुलटी केली, जोडावरून अंगठा फिरवला. खळ एका कोपऱ्यात जास्त झाली होती. तिथे अंगठा थांबला, भुवई वर गेली. आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांना कुणाच्या कामात खोट काढायला मिळाली होती. तिला इतकं बरं वाटलं की ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

आणि पहिल्याच रविवारी थोरल्याने पानं पिसता पिसता जाहीर केलं, "बाबांना सगळं माफ हां!"

कुणी मागितलं होतं? लहान मुलांच्या खेळात एक असतो ना, कच्चा लिंबू. तो आऊट झाला तरी आऊट नाही. आणि म्हणूनच, त्याने सगळ्यांना आऊट केलं तरी तो जिंकला नाही. सगळ्यांनी गोड हसायचं आणि त्याला पळू द्यायचं. थोरल्याने वडिलांना तसा कच्चा लिंबू केला, आणि वर स्वतःच पैज मारली: "आम्हाला हरवा बाबा, त्या दिवशी दुकानाची किल्ली तुमच्या हातात."

हरवलं तर ते जिंकणं नाही. आणि जिंकण्याशिवाय किल्ली नाही. असा तो चोख बंदोबस्त होता.

*

"तुम्ही खोटारडे आहात," त्या रविवारी भांडी घासता घासता ती नवऱ्याला म्हणाली. दारातून बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून हळू म्हणाली, त्यामुळे राग सगळा पातेल्यावर निघाला.

"हळू घास. भोक पडेल."

"पडू दे! पैज मारायची आणि मग म्हणायचं की तुमचं जिंकणं धरत नाही! सूट तुम्हीच दिलीत, त्यांनी मागितली होती?"

"अगं, त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"वाटलं? तोंड बघितलंत त्यांचं?"

 थोरल्याने पुसायला घेतलेला पेला पुसून झाला होता तरी तो पुसत राहिला.

"त्या दिवशी दुकानात मी गेलो होतो," तो म्हणाला. "तू नव्हतीस. ते यंत्राशी पडले होते आणि उजवा हात पात्याच्या खाली होता. पातं वर होतं म्हणून. दांडा नुसता लटकत होता. कुणाचा धक्का लागला असता तर..." पेला त्याने ओट्यावर ठेवला. "तो हात मी बाहेर काढला, तर मला कळेना की तो जड का आहे. मला वाटलं, तुटलाय. रक्त शोधत होतो मी. मला नाही जमायचं पुन्हा. खोटारडा म्हण, काही म्हण."

तिच्या हातातला काथ्या थांबला. हे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. तिच्या मनात आलं की ओले हात तसेच त्याच्या पाठीवर ठेवावेत. पण राग काही खाली उतरेना; उलट त्याला आता बसायला नीट जागा मिळाली.

"म्हणजे भीती तुमची," ती म्हणाली, "आणि शिक्षा त्यांना."

"तसं म्हण."

"म्हणणारच. आणि पुढच्या रविवारी काही माफ-बिफ नाही. घडवंची राहील, टकटक राहील, चकत्या राहतील. हे सगळं त्यांना खेळता यावं म्हणून आहे. ते जिंकावेत म्हणून तुम्ही जे काही केलंय ते सगळं बंद. पान पडलं की पडलं. चुकले तर तीन हात. आणि जिंकले तर किल्ली."

"आणि हरले तर?"

"हरले तर हरले! हरण्याचा तरी हक्क ठेवा ना त्यांना!"

पलीकडच्या खोलीतून टेबलावर एक टकटक ऐकू आली. मग आणखी एक. हळू बोलण्याचा काही उपयोग झालेला नव्हता.

*

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी सकाळीच दाढी करून घेतली. धाकट्याने करून दिली. गालावर एक जागा राहिली तर त्याला "आंधळा" म्हणून झालं. जेवणं आटोपली, ठकी भिंतीशी गोधडीवर झोपली आणि चौघं टेबलाला बसली. सासरे, त्यांच्या डावीकडे थोरला, समोर भिडू म्हणून ती आणि उजवीकडे धाकटा. थोरल्याने किल्लीचं जुडगं खिशातून काढलं, दुकानाची किल्ली सोडवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. पितळी, जुनी, डोक्याशी झिजलेली.

"पाच डाव," तो म्हणाला. "तीन ज्यांचे ते जिंकले. काही माफ नाही. बास?"

सासऱ्यांनी एकदा टकटक केली.

पहिला डाव सासरे आणि ती हरले. सासऱ्यांनी घाईत घडवंचीतून चुकीचं पान उपसलं आणि ते खाली पडताच डोळे मिटले. थोरल्याचा हात सवयीने पुढे आला, पान परत द्यायला. "हात मागे," ती म्हणाली. असल्या आवाजात ती ठकीला विस्तवापासून मागे ओढायची. थोरल्याने हात मागे घेतला. पान पडलं ते पडलं.

दुसरा सासरे-सुनेचा. तिसराही. चौथ्यात तिनेच बोली जास्त लावली आणि तोंडावर आपटली. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहून जो उसासा टाकला तो ऐकून तिला सासूबाईंची दया आली. तेहतीस वर्षं त्या या माणसाच्या भिडू होत्या.

दोन-दोन. पाचवा डाव वाटला. सासऱ्यांनी घडवंचीतली पानं एकेक करून रंगवार लावली. कुणी घाई केली नाही. मग त्यांनी टेबल वाजवलं. एक, दोन, तीन... ती मोजत गेली. नऊ. तेरांपैकी नऊ हात.

"नऊ?" धाकटा म्हणाला. "बाबा, नऊ?"

इस्पिकची चकती पुढे सरकली, आणि तिच्यामागून एक शब्दही आला. "खेळ."

ते खेळले. इस्पिक असं उतरवलं की थोरल्याला बसल्या जागी खुर्ची मागे घ्यावी लागली. एक हात गेला, बदामाचा. सासऱ्यांच्या लहान पानावर तिने दश्शी टाकली होती आणि धाकट्याने राणीने ती खाल्ली. बाकी सगळे आले. आठ हात यांच्या बाजूला रचले गेले. चारच पानं उरली, हुकूम संपले, आणि उतारी सासऱ्यांची. आणखी एक हात हवा होता. एकच. तिने किल्लीकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलंच.

सासऱ्यांनी बदामाचा राजा लढवला. दुसरं काही लढवण्यासारखं नव्हतं. एक्का अजून बाहेर होता.

थोरल्याकडे बदाम संपले होते. त्याने किलवर टाकलं. तिने आपलं शेवटचं बदाम टाकलं, पंजी. धाकट्याने आपल्या पानांकडे पाहिलं. वडिलांकडे पाहिलं. वडिलांच्या कपाळावर घामाचे थेंब होते, आणि दाढीची ती राहिलेली जागा पांढरी चमकत होती. धाकट्याने एक पान काढलं.

चौकटची सत्ती.

"गेला!" धाकटा ओरडला. "नववा हात, बाबा! जिंकलात! दादा, दे किल्ली!"

थोरल्याच्या तोंडावर भीती पसरली, मग हार दिसली आणि मग, तिने नीट पाहिलं, त्याला हायसं वाटलं. त्याने मान डोलवली. ती खुर्चीतून अर्धी उठली होती. ठकीला उठवून नाचवावं असं काहीतरी तिच्या अंगात आलं होतं.

सासऱ्यांनी हात उचलला नाही. चार पानं तशीच पडलेली. ते धाकट्याकडे बघत होते.

"बाबा?"

त्यांचे ओठ हलले. शब्द आला नाही. घशात काहीतरी अडकून मागे गेलं, पुन्हा वर आलं, पुन्हा गेलं. मानेची शीर फुगली.

"झालं, बाबा. जिंकलात तुम्ही," थोरला हलक्या आवाजात म्हणाला. आजाऱ्याशी बोलतात त्या आवाजात. "घ्या किल्ली. दमलात का?"

सासऱ्यांचा डावा हात घडवंचीला लागला, ती कलंडली. हात पुठ्ठ्याच्या चकत्यांवर गेला, त्यातली एक उचलली आणि धाकट्याच्या पुढ्यात अशी आपटली की किल्ली टेबलावर उडाली.

बदामाची चकती.

भिंतीशी ठकी दचकली, पण उठली नाही.

"गाढवा," सासरे म्हणाले. आणि मग, एकेक अक्षर दाताखालून ओढून काढत, "दा... खव."

धाकट्याने पानं छातीशी धरली. थोरल्याने हात लांबवून ती घेतली आणि टेबलावर उताणी केली. चौकटचा एक्का, चौकटचा राजा. आणि बदामाचा एक्का.



"रंग असून," थोरला म्हणाला. "तू एक्का असून सत्ती टाकलीस? मुद्दाम?"

"मग काय करू?" धाकट्याचा आवाज चिरकला. "तोंड बघवेना मला त्यांचं! एका हातासाठी! मी तो एक्का टाकू? माझ्याने नाही झालं!"

"तुला कुणी सांगितलं होतं दया करायला?"

"तू करतोस ती चालते, मी केली की पाप!"

"बरं, मग नियमाने तीन हात दंड." थोरल्याने पानं ढकलली. "आठ आणि तीन अकरा. बाबा, तुमचाच नियम. तरीही तुम्हीच जिंकलात. विषय संपला."

सासऱ्यांनी मान हलवली. नाही. डाव्या हाताने त्यांनी सत्ती उचलली, धाकट्याच्या अंगावर फेकली, आणि बोट एक्क्याकडे दाखवलं. टाक.

आता मात्र तिचा संयम सुटला.

"बाबा!" ती म्हणाली. या घरात आल्यापासून ती त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. "अहो किल्ली समोर आहे! त्याने एक्का ठेवला ही त्याची अक्कल! पकडलंत ना तुम्ही? बदाम किती पडले, कुणाचे पडले, एक्का माझ्याकडे असता तर मघाशी दश्शीऐवजी मी तोच टाकला असता, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं ना? ते कुणी माफ केलं होतं? ते कुणी तुम्हाला दिलं होतं? तेच तर जिंकणं! घ्या तो दंड!"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग होता, पण तिच्यावरचा नव्हता. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं.

टाक.

धाकट्याने बदामाचा एक्का राजावर ठेवला. तो हात दोघा भावांचा झाला. मग उतारीही त्याचीच. त्याने चौकटचा एक्का टाकला. सासऱ्यांनी लहान चौकट दिली. चौकटचा राजा टाकला. सासऱ्यांची राणी त्याखाली चेंगरली. शेवटचं पान उरलं, सत्ती. तीच ती, दान म्हणून टाकलेली. तिच्यावर घालायला आता कुणाकडे चौकट उरली नव्हती, हुकूम तर केव्हाच संपले होते. चौकटच्या सत्तीने शेवटचा हात मारला.

आठ. एक कमी.

"हरलो," सासरे म्हणाले. अख्खा शब्द. अडखळले नाहीत. आणि मग त्यांच्या छातीतून घरघर निघाली. तिला वाटलं, काहीतरी होतंय त्यांना, ती धावली. ते हसत होते. धाकट्याच्या डोक्यात टपली मारून हसत होते. "सत्ती," म्हणत होते. "नालायक. सत्ती!"

धाकटा रडायलाही लागला होता आणि हसायलाही.

थोरला मात्र त्या बदामाच्या चकतीकडे बघत बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने किल्ली उचलली आणि वडिलांच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या," तो म्हणाला. "मीच चुकलो."

सासऱ्यांनी बोटाने किल्ली परत सरकवली. "हरलो."

"बाबा, मी देतोय ना."

"ह-र-लो."

"अहो पण..."

"पैज!" सासरे गरजले. तोही अख्खा शब्द.

ती टेबलाच्या कडेला उभी होती. किल्ली एकदा इकडून तिकडे गेली, एकदा तिकडून इकडे. दोन पुरुष, एक पितळी तुकडा, आणि दोघांचा ताठा असा की तो पात्याखाली घातला तर पातं बोथट व्हावं. एकाने द्यायची तेव्हा दिली नाही, दुसरा घ्यायची तेव्हा घेईना. मधल्या मधे दुकानात धूळ साचली, शाळेची पुस्तकं गठ्ठ्यात बांधून पडलेली, खळीच्या डब्यात काय माजलं असेल देव जाणे. आणि हे खेळतायत माझी पैज की तुझी पैज!

तिने हात घातला आणि किल्ली उचलली.

"पैज तुम्हा बापलेकांची होती," ती म्हणाली. "माझी कुणाशी नव्हती. उद्या दुकान मी उघडणार."

"तू?" थोरला म्हणाला. "आणि ठकी?"

"ठकी येईल माझ्याबरोबर. पुठ्ठे चघळेल. इथे पत्ते चघळतेच आहे." किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती, दाते तळव्यात रुतत होते. "मला शिवणीला माणूस हवाय. एका हाताचा चालेल. फर्मे धरायला मी लाकडी चाप बसवून देते, घडवंचीसारखा. पण कापायच्या यंत्राला त्याने हात लावायचा नाही. दांडा मी काढून घरी ठेवणार. कडा कापायला संध्याकाळी भाऊजी दांडा घेऊन येतील, रोज. तो त्यांचा तीन हातांचा दंड."

"वहिनी, रोज?" धाकटा नाक पुसत म्हणाला.

"रोज! रंग असून सत्ती टाकलीत ना?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही दांडा काढताना या. तुमच्या हाताने काढा. म्हणजे तुम्हाला झोप लागेल."

थोरल्याने मान डोलवली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते दिसू नये म्हणून तो टेबलाखाली पडलेलं पान शोधायला वाकला. टेबलाखाली पान नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली. राग अजून आवाजात तसाच होता, तो काही एका झटक्यात जाण्यातला नव्हता. "माफ काही नाही. शिवण वाकडी आली तर उसवायला लावीन. येताय का कामाला?"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मुठीकडे. कलंडलेली घडवंची त्यांनी सरळ उभी केली. त्या कोपऱ्यातल्या, खळ जास्त झालेल्या जागेवर अंगठा फिरवला. मग टेबल वाजवायला सुरुवात केली. तिला वाटलं, एकच टकटक, म्हणजे हो. पण ती थांबेना.

नऊ.

"नऊ वाजता?" ती किंचाळली. "शक्य नाही! ठकीची आंघोळ, दूध, तुमचा नाश्ता, हे सगळं कोण करणार? दहा!"

नऊ टकटक.

"दहा म्हटलं ना! दुकान कुणाचं आहे?"

त्या आवाजाने ठकी जागी झाली आणि भोकाड पसरलं. ती धावली, तिला खांद्यावर घेतलं, थोपटत थोपटत वळून पाहिलं. सासरे पुन्हा वाजवत होते, शांतपणे, एकेक मोजून. नऊ झाल्या. मग त्यांनी हात उचलला नाही; नखाने लाकडावर एक अर्धवट ओरखडा काढला.

साडेनऊ.

"पास," ती म्हणाली.